कायदा शिकलेला सेनापती

दुसऱ्या महायुद्धात बाल्कनमध्ये दहशतीचे राज्य चालवणारा लोथार रेंडुलिक हा मूळचा कायद्याचा अभ्यासक. १८८७ मध्ये ऑस्ट्रियातील वीनर नॉयश्टाट येथे त्याचा जन्म झाला. ऑगस्ट १९४३ मध्ये जर्मनीच्या दुसऱ्या पँझर सेनेची सूत्रे त्याच्याकडे आली. त्यापूर्वीच, ६ जुलै रोजी, ग्रीसच्या सीमेलगतच्या बोरोवा या अल्बेनियन गावात गनिमांच्या हल्ल्याचा सूड म्हणून जर्मन सैन्याने शंभराहून अधिक ग्रामस्थांना ठार केले होते. सप्टेंबरमध्ये इटलीने शरणागती पत्करताच अल्बेनिया जर्मनीच्या ताब्यात गेला. एका सैनिकाच्या मोबदल्यात अनेक ओलिसांचा जीव, हीच रीत रेंडुलिकच्या अमलात बाल्कनभर चालू राहिली.

१९४८ मध्ये न्यूरेंबर्गच्या ओलीस खटल्यात तो दोषी ठरला. त्याला २० वर्षांची शिक्षा झाली. मात्र विशिष्ट अटींवर ओलिसांना मारणे कायद्यात बसू शकते, असेही त्याच न्यायालयाने मान्य केले. ही पळवाट १९४९ च्या जिनिव्हा कराराने बुजवली आणि ओलीस धरण्यासच मनाई केली. रेंडुलिकची शिक्षा मात्र निम्म्यावर आली. १९५१ मध्ये तो सुटला, युद्धावर पुस्तके लिहीत राहिला आणि १९७१ मध्ये ऑस्ट्रियात निवर्तला.