त्वचेचे कोडे सोडवणारे पीटर मेडावर

१९४० चा उन्हाळा. दुसरे महायुद्ध सुरू होते. ऑक्सफर्डमध्ये एका घराजवळ विमान कोसळले आणि त्यातला वैमानिक गंभीर भाजला. त्या घरात राहणाऱ्या पंचवीस वर्षांच्या प्राणिशास्त्रज्ञाकडे डॉक्टरांनी मदत मागितली. ते पीटर मेडावर. १९१५ मध्ये ब्राझीलमध्ये जन्मलेले, वडील लेबनीज.

भाजल्यावर त्वचेचे कवच जाते आणि जंतूंना वाट मोकळी होते. त्याच वेळी शरीरभर दाह उसळतो, पांढऱ्या पेशींची लढण्याची ताकद घटते. म्हणूनच सुरुवातीच्या धोक्यातून वाचलेला रुग्ण पुढे जंतुसंसर्गाने दगावू शकतो. जखम लवकर झाकायला हवी. पण खूप भाजलेल्याच्या अंगावर निरोगी त्वचा उरते कुठे?

दुसऱ्याची त्वचा का टिकत नाही, हे शोधायला मेडावर ग्लासगोच्या रुग्णालयात गेले. तेथे शल्यचिकित्सक टॉम गिब्सन यांच्यासह त्यांनी एका भाजलेल्या तरुणीवर तिच्या भावाच्या त्वचेचे तुकडे लावले. काही दिवसांनी ते नष्ट झाले. त्याच भावाची त्वचा पुन्हा लावली, तर ती आणखी लवकर गेली. शरीराने परके ओळखून लक्षात ठेवले होते! हा प्रतिकारशक्तीचाच खेळ, हे १९४३ मध्ये त्यांनी मांडले. परके अवयव शरीराला स्वीकारायला शिकवता येते, हे पुढे त्यांनी उंदरांवर दाखवले. त्यासाठी १९६० मध्ये त्यांना बर्नेट यांच्यासह नोबेल मिळाले. १९६९ मध्ये पक्षाघात झाला, तरी लेखन थांबले नाही. १९८७ मध्ये त्यांचे निधन झाले.

गंमत अशी, की गंभीर भाजलेल्याची प्रतिकारशक्ती मंदावल्याने परकी त्वचा नाकारायलाही उशीर होतो. ती काही आठवडे जखम झाकते, तेवढ्यात रुग्ण सावरतो. मुंबईतील शीव रुग्णालय आणि ऐरोलीचे नॅशनल बर्न्स सेंटर येथील त्वचापेढ्या याच आधारावर उभ्या आहेत. मृत्यूनंतर साधारण सहा तासांत पाठ आणि मांड्यांवरचा पातळ थर घेतात. रक्तगट जुळवावा लागत नाही.

कोपरगावकरांनो, भाजल्यास वीस मिनिटे नळाचे वाहते पाणी सोडा. टूथपेस्ट, शाई, हळद लावू नका. स्वच्छ कापडाने झाका आणि दवाखाना गाठा. त्वचादानाची इच्छा असेल, तर ती आजच घरच्यांच्या कानावर घाला.