मुलांसाठी रोज लिहिणारा शिक्षक : साने गुरुजी

आपल्या मुलांना चांगले लिहिता यावे, अशी प्रत्येक आईवडिलांची इच्छा असते. वरणगाव, भुसावळ, जळगाव या भागातील कुटुंबांना भेटी देताना याविषयीची चिंता आमच्या कानी वारंवार पडते. मूल घरभर बोलत असते. परंतु वही पुढे ठेवली की चार वाक्यांपलीकडे त्याची लेखणी सरकत नाही. मग गाईडमधला निबंध पाठ होतो, परीक्षेत जसाच्या तसा उतरतो आणि दुसऱ्या दिवशी विसरलाही जातो. शिकवणी लावली, हस्ताक्षराचा वर्ग लावला, तरी मूल स्वतःचे असे काही लिहीत नाही, हे पालकांचे दुःख खरे आहे.

या प्रश्नाचे एक उत्तर आपल्या खानदेशातच घडून गेले आहे. भुसावळहून जळगावमार्गे सुरतेकडे जाणाऱ्या लोहमार्गावर, बोरी नदीच्या काठी अमळनेर वसले आहे. तेथील एका शाळेत आणि तिच्या छात्रालयात पांडुरंग सदाशिव साने यांनी सहा वर्षे मुलांसमवेत काढली आणि ते 'साने गुरुजी' झाले. 'श्यामची आई'चे लेखक व स्वातंत्र्यसैनिक म्हणून महाराष्ट्र त्यांना ओळखतो. आज आम्ही त्यांच्या जीवनाकडे एका वेगळ्या दृष्टीने पाहणार आहोत : मुलांच्या हाती लेखणी यावी यासाठी मोठ्यांनी काय करावे, हे त्यांच्या चरित्रातून आम्हांस दिसते.

पालगडचे घर

गुरुजींचा जन्म २४ डिसेंबर १८९९ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील दापोली तालुक्यात, पालगड या गावी झाला. घराणे खोताचे, एके काळी सुस्थितीत असलेले. परंतु वडील सदाशिवराव यांच्या काळात कर्जाने ते खचत गेले आणि दारिद्र्य घरात येऊन बसले. आई यशोदाबाई यांनी त्या दारिद्र्यातही मुलाच्या मनाची मशागत केली.

घरात ओव्या होत्या, स्तोत्रे होती, व्रतांच्या कहाण्या होत्या. भाषा आधी कानांतून आत गेली आणि पुष्कळ वर्षांनी लेखणीतून बाहेर आली. घरी पुस्तकांचे कपाट नसले म्हणून मूल लेखनात मागे पडेल, असे मानणाऱ्या पालकांनी हे ध्यानात घ्यावे. ज्या घरात मुलाशी गोडीने बोलले जाते, त्याला गोष्ट सांगितली जाते आणि त्याची गोष्ट ऐकून घेतली जाते, त्या घरात लेखनाचा पाया घातलेला असतो.

पुढील शिक्षण दापोलीच्या मिशन शाळेत, काही काळ औंध संस्थानात व नंतर पुण्यात झाले. हा सारा प्रवास हालअपेष्टांचा होता. मुलगा शिक्षणासाठी दूर असतानाच १९१७ साली आईचे निधन झाले. तो घाव त्यांच्या मनातून कधीच गेला नाही. १९१८ मध्ये ते मॅट्रिक झाले आणि पुढे पुण्यातच बी.ए. व एम.ए. पर्यंत शिकले.

अमळनेरचे छात्रालय

अमळनेरला श्रीमंत प्रताप शेठ यांच्या आश्रयाने तत्त्वज्ञान मंदिर ही संस्था उभी राहिली होती. तत्त्वज्ञानाच्या अभ्यासासाठी गुरुजी प्रथम तेथे आले. परंतु त्यांचे मन मुलांकडे ओढ घेत होते. १९२४ च्या जूनमध्ये ते खानदेश एज्युकेशन सोसायटीच्या शाळेत शिक्षक झाले. हीच शाळा पुढे प्रताप हायस्कूल म्हणून प्रसिद्ध झाली. लवकरच छात्रालयाची जबाबदारीही त्यांच्याकडे आली.

खेड्यापाड्यांतून आलेली, आईवेगळी झालेली ती मुले होती. गुरुजींनी त्यांना शिस्तीच्या धाकाने वागवले नाही. मुले शाळेत गेली की ते खोल्या झाडीत, अंथरुणे आवरीत, पडलेले कपडे धुऊन ठेवीत, आजारी मुलाच्या उशाशी बसत. मुलांना हळूहळू लाज वाटू लागली आणि ती आपण होऊन स्वच्छ राहू लागली. स्वतः करून दाखवावे आणि वाट पाहावी, ही त्यांची रीत होती. लेखनाच्या बाबतीतही त्यांनी हीच रीत वापरली.

हस्तलिखित दैनिक

गुरुजींनी छात्रालयात एक दैनिक सुरू केले. त्याचे नाव 'छात्रालय दैनिक'. ते छापलेले नव्हते. गुरुजी ते स्वतःच्या हाताने लिहीत आणि मुलांना वाचण्यासाठी लावून ठेवीत. त्यात छात्रालयातल्या घडामोडी असत, देशातल्या आणि जगातल्या वार्ता असत, थोरांच्या चरित्रांतले प्रसंग असत, चांगल्या पुस्तकांतले विचार असत. वर्गात शिकवणे, छात्रालय सांभाळणे, आजाऱ्यांची शुश्रूषा करणे आणि या सर्वांवर रोजचे दैनिक, असा त्यांचा दिवस होता.

वाचकहो, या दैनिकाचा थोडा विचार करावा. मुलांनी लिहावे असे आपणा सर्वांना वाटते. परंतु मुलांनी आपल्याला लिहिताना कधी पाहिले आहे काय? पूर्वी घरोघरी पत्रे लिहिली जात, हिशेबाची वही असे, मंडळाच्या सभेचे टिपण असे. आता वडील भ्रमणध्वनीवर बोटे फिरवताना दिसतात आणि आई शाळेच्या दैनंदिनीवर सही करताना दिसते. मोठ्या माणसाला कागदावर वाकून, शब्द खोडून, पुन्हा लिहिताना मूल पाहतच नाही. अमळनेरच्या मुलांनी मात्र आपल्यासाठी कोणीतरी रोज लिहीत आहे, हे पाहिले.

त्या दैनिकात मुलांचे स्वतःचे जगही होते, हे आम्हांस अधिक महत्त्वाचे वाटते. आपल्या खोलीतली, आपल्या खेळातली गोष्ट लिहिण्याजोगी असते, हे त्या वयात उमगणे ही मोठी गोष्ट आहे. 'माझा आवडता ऋतू' या विषयावर गाईडमधला वसंत ऋतू लिहिणाऱ्या आपल्या मुलाला वरणगावचा वैशाख लिहिता येईल. तापलेली दुपार, केळीच्या बागेतला गारवा, दारूगोळा कारखान्याच्या पाळीवरून घामाघूम परतणारे बाबा, हे सारे त्याचे स्वतःचे आहे. परंतु ते लिहिण्याजोगे आहे, असे त्याला कोणी सांगितलेले नसते.

१९२८ साली गुरुजींनी 'विद्यार्थी' नावाचे मासिक सुरू केले. छात्रालयाच्या भिंतीपुरते असलेले लेखन आता दूरच्या मुलांपर्यंत जाऊ लागले. १९३० मध्ये सविनय कायदेभंगाची चळवळ सुरू झाली तेव्हा त्यांनी नोकरी सोडली आणि तुरुंगाची वाट धरली. शाळा सुटली, परंतु मुलांसाठी लिहिणे अखेरपर्यंत सुटले नाही.

धुळे आणि नाशिक येथील तुरुंग

१९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबा भावे यांनी गीतेवर प्रवचने दिली. २१ फेब्रुवारी ते १९ जून या काळात दर रविवारी एक, अशी ती १८ प्रवचने झाली. ती ऐकता ऐकता साने गुरुजींनी लिहून घेतली, म्हणून 'गीता प्रवचने' हा ग्रंथ मराठीला लाभला. एम.ए. झालेला, स्वतः लेखक असलेला हा मनुष्य दुसऱ्याचे बोलणे मन लावून टिपून घेत बसला होता. चांगले लिहिणारा आधी चांगला ऐकणारा असतो. आपल्या मुलांनी रविवारच्या प्रवचनातील तीन वाक्ये घरी येऊन स्वतःच्या शब्दांत लिहून ठेवली, तर श्रद्धेलाही लाभ होईल आणि भाषेलाही.

पुढे नाशिकच्या तुरुंगात ९ फेब्रुवारी १९३३ रोजी त्यांनी 'श्यामची आई' लिहावयास घेतली आणि १३ फेब्रुवारीला ती पूर्ण झाली. अवघ्या पाच दिवसांत लिहिलेल्या या पुस्तकातील ४२ रात्री मराठी घरांनी पिढ्यान्‌पिढ्या वाचल्या. १९५३ साली आचार्य अत्रे यांनी त्यावर काढलेल्या चित्रपटाला राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक मिळाले. या पुस्तकात मोठमोठ्या घटना नाहीत. पत्रावळ लावणे, फुले तोडणे, पोहायला घाबरणे, अंघोळीनंतर पायांना माती लागू नये म्हणून हट्ट करणे, एवढेच प्रसंग आहेत. वाक्ये लहान आहेत, शब्द रोजचे आहेत. पाच दिवसांचे ते लेखन वरवर पाहता घाईचे वाटेल. परंतु त्यामागे आईच्या मृत्यूनंतर १५ वर्षे मनात जपलेली आठवण होती आणि मुलांसाठी रोज लिहून सरावलेला हात होता.

घरची बोली

गुरुजींच्या लेखनातील आणखी एक गोष्ट खानदेशातील पालकांनी व शिक्षकांनी लक्षात घेण्यासारखी आहे. त्यांनी स्त्रियांच्या ओव्या गोळा केल्या आणि 'स्त्रीजीवन' या नावाने प्रसिद्ध केल्या. जात्यावर बसणाऱ्या, शाळेचे तोंड न पाहिलेल्या स्त्रियांच्या शब्दांना त्यांनी साहित्य मानले. याच आपल्या जिल्ह्यात आसोद्याच्या बहिणाबाई चौधरी होऊन गेल्या. त्यांना अक्षरओळख नव्हती. त्यांची गाणी त्यांचा मुलगा सोपानदेव आणि आप्तांनी कागदावर उतरवली, म्हणून बहिणाबाईंच्या निधनानंतर १९५२ साली ती महाराष्ट्रासमोर आली. कोणीतरी ऐकले आणि लिहून ठेवले, म्हणून ते धन राहिले.

आपल्या भागातील मूल घरी लेवा गणबोली बोलते, तर पश्चिमेकडे अहिराणी. त्याच्या वहीत बोलीतला शब्द आला की तांबड्या शाईची रेघ पडते. प्रमाण मराठी मुलाला आलीच पाहिजे, यात शंका नाही. परंतु घरचा शब्द म्हणजे चूक, असे त्याच्या मनावर ठसले तर ते घरचे काही लिहिणारच नाही. आजीच्या तोंडचा शब्द ठेवून शेजारी प्रमाण शब्द लिहून द्यावा. असे केले तर मुलाला दोन्ही भाषा मिळतील.

सुधाला लिहिलेली पत्रे

देश स्वतंत्र होण्यापूर्वी, मे १९४७ मध्ये, पंढरपूरचे विठ्ठलमंदिर हरिजनांना खुले व्हावे यासाठी गुरुजींनी उपोषण केले आणि ते द्वार उघडले. १५ ऑगस्ट १९४८ रोजी त्यांनी 'साधना' साप्ताहिक सुरू केले. ते आजही चालू आहे. भारतातील भाषांनी एकमेकींना ओळखावे, म्हणून 'आंतरभारती'चे स्वप्न त्यांनी मांडले. जगातील कथा 'गोड गोष्टीं'तून मराठी मुलांच्या हाती दिल्या. 'मनूबाबा' ही त्यांतलीच एक, जॉर्ज इलियट या इंग्रज लेखिकेच्या 'सायलस मार्नर'वर आधारलेली.

याच अखेरच्या काळात ते आपली पुतणी सुधा हिला पत्रे लिहीत होते. पुढे ती 'सुंदर पत्रे' या नावाने पुस्तकरूपाने आली. त्यांत पाऊस आहे, फुले आणि पाखरे आहेत, थोरांच्या गोष्टी आहेत, देशातील सुखदुःखे आहेत. मुलीला कमी समजते असे मानून काही वगळलेले नाही आणि उपदेशाचा भारही टाकलेला नाही. पत्र लिहिणाऱ्या माणसाला वाचणारी व्यक्ती डोळ्यांसमोर दिसते. मुलांच्या निबंधाला प्राण नसतो, कारण तो कोणालाच उद्देशून लिहिलेला नसतो. आजोबांना, नोकरीनिमित्त दूर असलेल्या मावशीला, प्रथम कम्युनियन घेणाऱ्या चुलतभावाला पत्र लिहावयास बसवले, तर तेच मूल दोन पाने लिहील.

अखेर

गुरुजींचे मन अतिशय हळवे होते. जगातील दुःख, स्वातंत्र्यानंतरची निराशा आणि अंतरातील एकटेपण त्यांना असह्य झाले. ११ जून १९५० रोजी त्यांनी स्वतःच्या हाताने आपले जीवन संपविले. मुलांना फुलांविषयी लिहिणाऱ्या या माणसाच्या मनात एवढा अंधार साचला होता, हे वाचून आजही मन विषण्ण होते. त्यांचा निवाडा करणे आपले काम नाही. प्रभूच्या अपार करुणेवर ते सोपवावे. आपल्यासाठी मात्र त्यात एक सावधगिरीची खूण आहे. जो सर्वांसाठी लिहितो, त्याचेही कोणीतरी ऐकले पाहिजे. मुलाच्या वहीत कधी दुःखाची ओळ आढळली, तर शुद्धलेखनाच्या चुका बाजूला ठेवाव्यात आणि त्याला जवळ घेऊन विचारावे. घरातील मोठ्या माणसाचे मन खचले असेल, तर त्याने ते गिळून न ठेवता घरच्यांशी, धर्मगुरूंशी, डॉक्टरांशी बोलावे.

आपण काय करावे?

२०२४ च्या फेब्रुवारीत अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन अमळनेरला भरले, तेव्हा संमेलननगरीला गुरुजींचेच नाव होते. असे सन्मान योग्यच आहेत. परंतु घरात आणि शाळेत त्यांचा मार्ग चालू राहणे, हा त्याहून मोठा सन्मान होईल.

घरी एक साधी वही ठेवावी. तीत दररोज रात्री आईने किंवा वडिलांनी चार ओळी लिहाव्यात : आज काय घडले, कोण भेटले, काय आवडले. मुलाला लिहिण्याची सक्ती करू नये. वही त्याच्या हाताशी असू द्यावी. काही दिवसांनी ते आपल्या ओळी खाली जोडील. त्या ओळींतील चुका त्या क्षणी काढू नयेत. आधी मजकुराला उत्तर लिहावे. शाळांनी वर्गाच्या भिंतीवर एक हस्तलिखित पान लावावे आणि पहिली नोंद शिक्षकांनी स्वतः करावी. धर्मशिक्षणाच्या वर्गातही वाचलेला दाखला मुलांना स्वतःच्या गावात घडवून लिहावयास सांगता येईल.

यासाठी पैसा लागत नाही, दिवसाची पंधरा मिनिटे लागतात. साऱ्या छात्रालयाचा भार वाहणाऱ्या एका शिक्षकाने ती रोज काढली. आपल्या एका-दोन मुलांसाठी ती आपल्याला निश्चित काढता येतील. प्रभू आपल्या घरांना त्यासाठी धीर आणि गोडी देवो.