गामा पैलवान : जमिनीवरची कसोटी

गामा पैलवानांचे नाव निघाले की प्रचंड ताकदीच्या कथा आठवतात. त्यांच्या कीर्तीची खरी कसोटी मात्र लंडनमध्ये, जमिनीला खिळून राहिलेल्या एका प्रतिस्पर्ध्यापुढे लागली.

गुलाम मुहम्मद बख्श हे त्यांचे मूळ नाव. २२ मे १८७८ रोजी अमृतसर परिसरात, मूळच्या काश्मिरी मल्लांच्या घराण्यात त्यांचा जन्म झाला. बालवयातच पितृछत्र हरपले आणि आजोळच्या पैलवान मंडळींनी त्यांना तालमीत घडविले. १८८८ साली जोधपूर येथे बैठकांची मोठी चुरस झाली. चारशेहून अधिक मल्लांत अवघ्या दहा वर्षांचा हा मुलगा शेवटच्या पंधरांत टिकला आणि महाराजांनी त्यालाच विजेता ठरविले. पुढे दतिया संस्थानाने त्यांच्या शिक्षणाचा भार उचलला.

त्यांच्या दिनक्रमात जोर, बैठका आणि जोडीदारांशी लढती यांना सारखेच स्थान होते. जोर-बैठकांचे आकडे हजारांत सांगितले जातात. जोरांनी छाती-खांदे भरतात, बैठकांनी मांड्यांना बळ येते. पण खाली गेल्यावर कोपर कोठे ठेवावे, कंबर केव्हा फिरवावी, पाठीवरच्या मल्लाच्या कब्जातून कसे निसटावे, हे अंगाला अंग भिडल्यावाचून कळत नाही. घिस्सा, सवारी यांसारखे बैठ्या कुस्तीचे डाव आणि त्यांचे तोड मातीतच शिकावे लागतात.

जवळजवळ सात फूट उंचीच्या रहीम बख्श सुलतानीवाला यांच्याशी झालेल्या बरोबरीच्या कुस्तीने, जेमतेम साडेपाच फुटांहून थोडे उंच असलेल्या या तरुणाचे नाव सर्वत्र झाले. वडोद्याच्या संग्रहालयात त्यांच्या नावाशी निगडित एक अवजड शिळा जतन केलेली असून, त्यांनी ती २३ डिसेंबर १९०२ रोजी उचलल्याची नोंद तिच्यावर आहे.

१९१० साली बंगालमधील धनिक शरत्कुमार मित्र यांच्या साहाय्याने गामा आपले बंधू इमाम बख्श यांच्यासह लंडनला गेले. उंची कमी म्हणून त्यांना प्रथम स्पर्धेत प्रवेश मिळाला नाही. तेव्हा त्यांनी तेथील मल्लांना जाहीर आव्हान दिले. अमेरिकेचे डॉक्टर बेंजामिन रोलर यांना त्यांनी पहिल्या वेळी दोन मिनिटांच्या आत आणि दुसऱ्या वेळी दहा मिनिटांच्या आत चीत केले. मग पोलंडचे विख्यात मल्ल स्टॅनिस्लॉस झिबिस्को यांच्याशी गाठ पडली.

१० सप्टेंबर १९१० रोजी ही कुस्ती झाली. पहिल्याच मिनिटात गामांनी झिबिस्कोंना खाली नेले. परंतु पुढचे अडीच तास त्यांना पालथ्याचे उताणे करता आले नाही. झिबिस्को वजनाने बरेच भारी होते. असा मल्ल गुडघे रुंद टेकून, कोपरे बरगड्यांशी आवळून आणि मान आत ओढून बसला, म्हणजे त्याला उलथणे महाकठीण होते. वरच्या मल्लाला त्याचा एखादा हात आधारावरून सोडवावा लागतो, नाहीतर कंबर उचलून तोल मोडावा लागतो. खालचा मल्ल सुटून उठू पाहतो, तेव्हा त्याच्या हालचालीतूनच वरच्याला संधी मिळते. झिबिस्कोंनी उठण्याचा यत्नच जवळपास सोडल्यामुळे ती संधीही मिळेना. प्रेक्षकांना हा खेळ कंटाळवाणा वाटला. पण तेही बचावाचेच शास्त्र होते, आणि नुसत्या ताकदीने ते भेदले गेले नाही. कुस्ती अनिर्णित राहिली. १७ सप्टेंबरला ती पुन्हा व्हायची होती. झिबिस्को आलेच नाहीत आणि जॉन बुल पट्टा गामांना मिळाला. न लढता मिळालेल्या या विजयाने मूळ प्रश्न मात्र सुटला नव्हता.

मायदेशी परतल्यावर अलाहाबाद येथे रहीम बख्श यांना पराभूत करून गामा ‘रुस्तम-ए-हिंद’ झाले. इकडे झिबिस्कोंनीही पुढे अमेरिकेत जागतिक अजिंक्यपद मिळविले. जानेवारी १९२८ मध्ये पतियाळा येथे दोघे पुन्हा समोरासमोर आले. गामा पन्नाशीच्या उंबरठ्यावर होते आणि झिबिस्कोही तरुण राहिले नव्हते. हजारो प्रेक्षक जमले होते. एक मिनिट पुरे होण्यापूर्वीच झिबिस्कोंची पाठ मातीला लागली. लंडनमध्ये जमिनीचा आश्रय घेणाऱ्या मल्लाला या वेळी तेथे बूड रोवण्याइतकीही उसंत मिळाली नाही. अठरा वर्षे लोंबकळलेला निकाल काही क्षणांत लागला.

१९४७ च्या फाळणीनंतर गामा लाहोरला राहिले. दंगलीच्या दिवसांत शेजारच्या हिंदू कुटुंबांच्या रक्षणासाठी ते आपल्या पठ्ठ्यांसह उभे राहिले, असे सांगितले जाते. अखेरची वर्षे आजारपणात आणि आर्थिक ओढगस्तीत गेली. २३ मे १९६० रोजी लाहोर येथे त्यांचे निधन झाले.

साऱ्या कारकिर्दीत अजिंक्य राहिलेला मल्ल म्हणून गामांचे नाव घेतले जाते. तालमीत नव्याने उतरणाऱ्या मुलाला मात्र त्यांच्या विजयांइतकीच लंडनची ती न निकाली निघालेली कुस्तीही शिकविण्याजोगी आहे. खाली गेलेला मल्ल हरलेला नसतो आणि वर बसलेला जिंकलेला नसतो. पाठ टेकेपर्यंत दोघांचेही शिक्षण चालूच असते.