बिऱ्हाड पाठीवर, अर्धशिशी कपाळी

फ्रेडरिक नीत्शे म्हटले की देवाच्या मृत्यूची घोषणा आठवते, भरघोस मिशा आठवतात. पण त्याचे महत्त्वाचे ग्रंथ भाड्याच्या खोल्यांत, डोके शांत राहील असे गाव शोधत हिंडताना लिहिले गेले, हे फारसे कोणाच्या लक्षात नसते. १८७९ मध्ये ३४व्या वर्षी त्याने नोकरी सोडली आणि १८८९च्या जानेवारीत त्याचे मन कायमचे ढळले. मधल्या जवळपास दहा वर्षांत त्याला स्वतःचे घर नव्हते. होती ती एक जड पेटी, थोडे पेन्शन आणि लहानपणापासून सोबत असलेली डोकेदुखी.

त्याचा जन्म १५ ऑक्टोबर १८४४ रोजी जर्मनीतील रॉकेन या खेड्यात झाला. पाद्री असलेले वडील मेंदूच्या विकाराने ३५व्या वर्षीच गेले. शाळेत असल्यापासून मुलाचे डोके दुखे; फोर्टा येथील निवासी शाळेच्या आजारपणाच्या नोंदवहीत त्याचे नाव पुनःपुन्हा येते. दृष्टी अतिशय अधू. तरीही वयाच्या २४व्या वर्षी तो स्वित्झर्लंडमधील बाझेल विद्यापीठात प्राध्यापक झाला. फ्रान्सविरुद्धच्या युद्धात रुग्णसेवक म्हणून गेला, तो आमांश आणि घटसर्प घेऊन परतला. पुढे डोकेदुखीचे झटके वाढत गेले. कपाळात ठणका, प्रकाश नकोसा, मळमळ, उलट्या, आणि हे सगळे कधी तीस तास, कधी दोन-तीन दिवस. अंधाऱ्या खोलीत पडून राहण्यावाचून इलाज नसे. आजचा कोणताही डॉक्टर हे वर्णन ऐकून आधी अर्धशिशीचा, म्हणजे मायग्रेनचा विचार करील.

१८७६ मध्ये विद्यापीठाने वर्षभराची रजा दिली आणि तो इटलीत सोरेंटोला गेला. स्नेह्यांच्या सोबतीने समुद्रकाठच्या घरात हिवाळा काढायचा, डोळ्यांना विश्रांती द्यायची, पुस्तके दुसऱ्याने मोठ्याने वाचायची आणि याने ऐकायची, असा बेत होता. सोबत चांगली होती, हवा चांगली होती, झटके मात्र येतच राहिले. विश्रांती मिळाली की डोकेदुखी थांबेल, ही समजूत आजही घरोघरी आहे. अर्धशिशीचे गणित तितके सरळ नसते. कामाचा ताण एकदम उतरला की काहींना नेमका तेव्हाच झटका येतो; त्यामुळे कित्येकांच्या सुटीचा पहिला दिवस हॉटेलातल्या पलंगावर जातो. त्यात पहाटेची गाडी, हुकलेले जेवण, कमी प्यालेले पाणी आणि जागरण यांची भर पडते. अर्धशिशी असलेल्या मेंदूला बदल सोसत नाही, मग तो बदल सुखाचा का असेना.

१८७९ मध्ये नोकरी सोडावीच लागली. वर्षाला ३००० फ्रँक पेन्शन मंजूर झाले. त्या वर्षाचा हिशेब त्याने स्वतःच मांडला: तीव्र झटक्यांचे दिवस ११८. सौम्य दिवस त्याने मोजलेच नाहीत. डॉक्टर आज रुग्णाला डोकेदुखीची डायरी ठेवायला सांगतात ती याच कारणासाठी. आकडा समोर असला की औषध लागू पडते आहे की नाही हे कळते. नीत्शेकडे आकडा होता, औषध नव्हते. झटका थांबवणारी ट्रिप्टान वर्गातील औषधे बाजारात यायला आणखी शंभरहून अधिक वर्षे होती. तो झोपेसाठी क्लोरल घेई, आणि ते पुढे वाढत गेले.

मग सुरू झाली हवामानाची शोधाशोध. उन्हाळ्यात आल्प्स, हिवाळ्यात समुद्रकिनारा. जिनोआ, नीस, मेसिना, रापालो, तुरिन अशी गावांची यादी लांबत गेली. ढगाळ आकाश आणि हवेतील वीज आपल्याला आजारी पाडते अशी त्याची खात्री होती. १८८१ मध्ये पॅरिसला विजेचे मोठे प्रदर्शन भरले, तेव्हा तिथे आपल्यालाच एक वस्तू म्हणून मांडायला हवे होते, असे त्याने मित्राला अर्धवट थट्टेत कळवले होते. मेक्सिकोच्या पठारावर जाऊन राहण्याचाही विचार त्याच्या मनात येऊन गेला. यातले विज्ञान कच्चे होते, पण निरीक्षण अगदीच खोटे नव्हते. हवेचा दाब किंवा तापमान बदलले की काही रुग्णांना त्रास होतो, असे आढळते; सगळ्यांना होतो असे नाही. आणि झटका आल्यावर आकाशाकडे पाहून कारण शोधायची सवय लागली, की दोष हवेलाच दिला जातो.

प्रवास त्याला सोसत नसे. १८८२ मध्ये तो मालवाहू जहाजाने जिनोआहून मेसिनाला गेला आणि काही आठवड्यांतच सिरोको या उष्ण वाऱ्याने त्याला तिथून पळवले. गाडी लागणे, बोट लागणे हे अर्धशिशीच्या रुग्णांत अधिक आढळते. तोल सांभाळणारी मेंदूतील यंत्रणाही त्यांच्यात हळवी असते. पुस्तकांची पेटी शंभर किलोंहून जड. १८८८च्या एप्रिलमध्ये नीसहून तुरिनला जाताना तो गाडी बदलताना चुकीच्या गाडीत बसला. सामान एकीकडे, मालक दुसरीकडे, आणि पुढचे दोन दिवस अनोळखी ठिकाणी अंथरुणात. औषध हातातल्या पिशवीत ठेवा, डिकीतल्या बॅगेत नको, हा साधा सल्ला अशा वेळी कामाला येतो.

जे गाव त्याला मानवले ते स्वित्झर्लंडमधील सिल्स-मारिया. १८८१ मध्ये तो प्रथम तिथे गेला आणि पुढे १८८३ ते १८८८ असे सलग सहा उन्हाळे गेला. दोन तळ्यांमधले, सुमारे १८०० मीटर उंचीवरचे हे खेडे. उंचीमुळे होणारी डोकेदुखी बहुधा २५०० मीटरच्या पुढे सुरू होते, म्हणजे थंडावा मिळावा आणि विरळ हवेचा त्रास होऊ नये अशी ही जागा होती. दिवसाला एक फ्रँक भाड्याची त्याची खोली घराच्या मागच्या अंगाला होती. खिडकीबाहेर लगेच झाडी आणि चढ. आत उजेड बेताचा. पर्यटक तळ्याकडे तोंड असलेली खोली मागतो. याला अंधारी खोली सोयीची होती.

त्याच्या यशाचे खरे श्रेय कदाचित हवेपेक्षा दिनक्रमाला जाते. पहाटे उठणे, ठरलेल्या वेळी चहा, गर्दी टाळून दुपारचे साधे जेवण, मग तासन्‌तास चालणे, उन्हात डोळ्यांवर सावली, आणि रात्री लवकर झोप. आई नाउम्बुर्गहून हॅम पाठवी, तेवढाच चैनीचा पदार्थ. ठरावीक झोप, ठरावीक जेवण, नियमित चालणे हे आजचे डॉक्टरही सुटीत मोडू नका म्हणून सांगतात.

या आजाराने त्याच्या लेखनालाही वळण दिले. फार वेळ वाचता येत नसे, बसून लिहिता येत नसे. त्यामुळे चालताना सुचेल ते छोट्या वहीत पेन्सिलीने टिपायचे आणि नंतर जुळवायचे. लांबलचक प्रबंधांऐवजी तुटक, धारदार परिच्छेदांची त्याची शैली घडण्यात या सक्तीचा वाटा होता. १८८२ मध्ये डोळ्यांना आराम म्हणून त्याने डेन्मार्कमध्ये बनलेले टंकयंत्र मागवले. तेही प्रवासात बिघडले.

हा सगळा त्रास निव्वळ अर्धशिशीचा होता का, यावर अजून वाद आहे. तुरिनमध्ये ३ जानेवारी १८८९ रोजी तो रस्त्यात कोसळला आणि नंतर भानावर आलाच नाही. तेव्हाच्या डॉक्टरांनी उपदंशाने मेंदूला झालेला विकार असे निदान केले. पुढच्या काळातील तज्ज्ञांनी मेंदूतील गाठीपासून आनुवंशिक रक्तवाहिनी-विकारापर्यंत अनेक शक्यता मांडल्या. लहानपणापासूनची डोकेदुखी अर्धशिशीची आणि शेवटचे आजारपण वेगळे, असेही असू शकते. म्हणूनच डोकेदुखी जुनीच असली तरी तिची तऱ्हा अचानक बदलली, दृष्टी, बोलणे किंवा हात-पायाच्या ताकदीत फरक पडला, तर प्रवास अर्धवट सोडून डॉक्टर गाठावा.

तुरिनहून त्याला आणायला बाझेलचा जुना मित्र फ्रान्झ ओव्हरबेक गेला. वाटेत गुंगीचे औषध देत देत त्याने त्याला रेल्वेने बाझेलला पोहोचवले. तिथून येना, मग नाउम्बुर्गला आईकडे, आणि तिच्या मृत्यूनंतर वायमारला बहिणीकडे. २५ ऑगस्ट १९०० रोजी तो तिथेच वारला. सिल्स-मारियातील ते घर आता संग्रहालय आहे. मागच्या बाजूची ती खोली अजून पाहायला मिळते.