कव्हरचा कर्नल

कॉलेजच्या मैदानावर नेट लागलं की बॅटसाठी रांग लागते आणि कॅचिंगची प्रॅक्टिस म्हटली की निम्मी टीम चहाच्या टपरीवर! रत्नागिरीतच काय, सगळीकडे हेच. हेमू अधिकारींच्या हाताखाली मात्र हे चाललं नसतं.

हेमचंद्र अधिकारी ३१ जुलै १९१९ रोजी पुण्यात जन्मले. सतराव्या वर्षी गुजरातकडून रणजी, मग बडोदा. पण ऐन उमेदीची वर्षं दुसऱ्या महायुद्धाने खाल्ली. अधिकारी सैन्यात गेले, आणि पहिली कसोटी खेळायला वयाची अठ्ठाविशी उजाडली. १९४७ ची ब्रिस्बेन कसोटी, समोर ब्रॅडमनचा संघ. पुढच्या वर्षी दिल्लीत वेस्ट इंडिजविरुद्ध नाबाद ११४. १९५२ मध्ये पाकिस्तानच्या पहिल्यावहिल्या कसोटीत त्यांनी गुलाम अहमदला साथीला घेऊन शेवटच्या विकेटसाठी १०९ धावा जोडल्या. भारताचा हा विक्रम २००४ पर्यंत टिकला, सचिन-झहीरने तो मोडला.

२१ कसोटी, ८७२ धावा. आकडे बघून कोणी थांबणार नाही. पण कव्हरला ते उभे असले की तिकडून चोरटी धाव काढायची हिंमत होत नसे, आणि हे स्कोअरबुकात कुठे दिसतं? १९५८-५९ मध्ये वेस्ट इंडिजविरुद्धच्या मालिकेत आपल्या बोर्डाने कप्तानांची संगीत खुर्चीच मांडली होती. उम्रीगर, गुलाम अहमद, मंकड आणि पाचव्या कसोटीला चौथे कप्तान अधिकारी, वय ३९! त्यांनी ६३ आणि ४० केल्या, तीन विकेटही काढल्या. कसोटी अनिर्णित राहिली. तीच त्यांची शेवटची.

खरी गोष्ट मात्र १९७१ ची. वाडेकरांचा संघ इंग्लंडला गेला तेव्हा लेफ्टनंट कर्नल अधिकारी मॅनेजर होते. मॅनेजर म्हणजे तेव्हा कोचही तोच. त्यांनी मुलांना फिल्डिंगसाठी अक्षरशः पळवलं. ओव्हलवर चंद्रशेखरने ३८ धावांत सहा बळी घेतले, हे सगळ्यांना पाठ आहे. पण एकनाथ सोलकरने फॉरवर्ड शॉर्ट लेगला झेप घेऊन ॲलन नॉटचा कॅच घेतला नसता, तर? इंग्लंड १०१ वर गडगडलं आणि २४ ऑगस्टला भारताने इंग्लंडमध्ये पहिली कसोटी जिंकली.

तीनच वर्षांनी तेच वाडेकर, तेच मॅनेजर, तोच इंग्लंड. लॉर्ड्सवर सतरा षटकांत सगळा संघ ४२ वर आउट, मालिका ३-० ने गेली. १९७१ चं श्रेय कर्नलच्या शिस्तीला द्यायचं, तर १९७४ चं काय करायचं? मला तरी वाटतं, शिस्तीने कॅच सुटायचे थांबतात, स्विंग खेळता येत नाही.

कर्नल मात्र मैदानावर परतले. पोरांच्या शिबिरांत. गावसकर, कपिल देव, रवी शास्त्री अशा कित्येकांनी त्यांचे धडे घेतले. २५ ऑक्टोबर २००३ रोजी मुंबईत ते गेले. शेवटच्या विकेटचा विक्रम मोडायला तेव्हा अजून वर्षभर बाकी होतं.