हिवाळ्याची वाट पाहत जगलेला शेतकरी, ज्याने बर्फाच्या कणांचे पाच हजारांहून जास्त फोटो काढले!

फोटोग्राफीची आवड असलेल्या कुणालाही विचारा, बाहेर फिरून फोटो काढायला सगळ्यात चांगला ऋतू कोणता? कुणी पावसाळा म्हणेल, कारण तेव्हा सगळीकडे हिरवाई असते. कुणाला हिवाळ्यातली धुक्याची सकाळ आवडते, तर कुणाला उन्हाळ्यातलं निरभ्र आकाश.

आपल्यासाठी हा आवडीनिवडीचा प्रश्न असतो. एक ऋतू गेला की दुसऱ्या ऋतूत कॅमेरा घेऊन बाहेर पडता येतं. पण अमेरिकेत एक शेतकरी असा होऊन गेला, ज्याने एकच ऋतू निवडला आणि चाळीसहून जास्त वर्षं त्या ऋतूची साथ सोडली नाही. त्यांचं नाव विल्सन बेंटली. जग त्यांना ‘स्नोफ्लेक बेंटली’ या नावाने ओळखतं.

ज्या दिवसांत इतर लोक दारं-खिडक्या बंद करून शेकोटीपाशी बसायचे, त्याच दिवसांत हा माणूस कॅमेरा घेऊन कुडकुडत उभा राहायचा. असं काय होतं त्या थंडीत? चला, जाणून घेऊया.

आईने दिलेला मायक्रोस्कोप

विल्सन बेंटली यांचा जन्म 9 फेब्रुवारी 1865 रोजी अमेरिकेच्या व्हरमाँट राज्यातल्या जेरिको या गावी झाला. घरची शेती होती, गाईगुरं होती. कॅनडाच्या सीमेला लागून असलेल्या या राज्यात हिवाळा लांबलचक असतो आणि बर्फही भरपूर पडतो.

त्यांची आई आधी शिक्षिका होती. विल्सनचं बरंचसं शिक्षण तिनेच घरी केलं. तिच्याकडे एक जुना मायक्रोस्कोप होता. विल्सन पंधरा वर्षांचे झाले तेव्हा तिने तो त्यांच्या हातात दिला.

एके दिवशी त्यांनी त्याखाली बर्फाचा कण ठेवून पाहिला आणि ते थक्क झाले! डोळ्यांना पांढऱ्या ठिपक्यासारखा दिसणारा तो कण म्हणजे सहा पाकळ्यांची, रेखीव नक्षी होती. दुसरा कण पाहिला, तर त्याची नक्षी वेगळी. तिसऱ्याची आणखी वेगळी.

ही नक्षी जपून ठेवायची म्हणून त्यांनी चित्रं काढायला सुरुवात केली. पण कण इतका नाजूक, की चित्र पूर्ण होण्याआधीच तो वितळून जायचा. एकामागून एक तीन हिवाळे त्यांनी हा प्रयत्न केला. हाताने हे काम होणार नाही, हे त्यांच्या लक्षात आलं. मायक्रोस्कोपमधून दिसणारं दृश्य थेट कॅमेऱ्यात पकडायला हवं होतं.

शंभर डॉलरचा हट्ट

त्या काळी असा कॅमेरा आणि मायक्रोस्कोप घ्यायला जवळपास शंभर डॉलर लागत होते. शेतकरी कुटुंबासाठी ही रक्कम फार मोठी होती. वडिलांना तर बर्फाचे फोटो काढणं म्हणजे निव्वळ वेळ वाया घालवणं वाटायचं. तरीही आईच्या पाठिंब्यामुळे अखेर त्यांनी पैसे मोजले.

कॅमेरा तर आला, पण तो वापरायला शिकवणारं कुणीच नव्हतं. प्रयत्न फसत राहिले. काचा वाया जायच्या, फोटो धूसर यायचे. त्यातच हिवाळा संपला की पुढच्या प्रयोगासाठी कित्येक महिने थांबावं लागायचं.

शेवटी 15 जानेवारी 1885 रोजी, विसावं वर्ष पूर्ण व्हायला काही आठवडे बाकी असताना, त्यांना एका हिमस्फटिकाचा स्वच्छ फोटो मिळाला. अमेरिकेत अशा प्रकारचा फोटो त्याआधी कुणी काढल्याची नोंद नाही.

श्वास रोखून काढलेले फोटो

हे फोटो काढायची त्यांची पद्धत फारच मजेशीर होती. घराला लागून सरपणाची एक खोली होती. तिथे शेगडी वगैरे काहीच नव्हतं, कारण खोली उबदार झाली तर सगळंच संपलं!

बर्फ पडू लागला की ते काळा रंग दिलेली लाकडी फळी घेऊन बाहेर उभे राहायचे. फळीवर पडलेले कण ते भिंगातून तपासायचे. तुटलेले किंवा एकमेकांना चिकटलेले कण झटकून टाकायचे. एखादा मनासारखा कण दिसला, की बारीक काडीने अलगद उचलून तो काचेवर ठेवायचा आणि पक्ष्याच्या पिसाने हलकेच दाबून सपाट करायचा.

हे सगळं करताना श्वास रोखून धरावा लागायचा, कारण तोंडाची वाफ लागली तरी कण वितळायचा. शिवाय कडाक्याच्या थंडीतही बर्फाची हळूहळू वाफ होत असते आणि कणाची टोकं झिजत जातात. म्हणजे हातात असायची फक्त काही मिनिटं.

मग मायक्रोस्कोप जोडलेला कॅमेरा खिडकीकडे वळवायचा आणि खिडकीतून येणारा उजेड कणाच्या आरपार जाईल अशा बेताने फोटो घ्यायचा. उजेड कमी असल्यामुळे एका फोटोसाठी काही सेकंदांपासून दीड मिनिटापर्यंत वेळ लागायचा. कॅमेरा इतका लांब होता, की मागून चित्र पाहताना पुढच्या फोकसच्या चाकापर्यंत हात पोहोचत नसे. त्यावर उपाय म्हणून त्यांनी चाकं आणि दोरी वापरून स्वतःच एक जुगाड तयार केला होता!

आयुष्यभरात त्यांनी असे पाच हजारांहून जास्त फोटो काढले. आकडा मोठा वाटतो, पण चाळीसहून जास्त हिवाळ्यांत तो विभागला तर एका हिवाळ्याच्या वाट्याला सरासरी शंभर-सव्वाशे फोटोच येतात. आज आपण एका सहलीत यापेक्षा जास्त फोटो काढतो!

इतर ऋतूंत काय करायचे?

बर्फ नसेल तेव्हा बेंटली शेती आणि गाईगुरं सांभाळायचे. पण कुतूहल काही गप्प बसू द्यायचं नाही. दवाचे आणि खिडकीवर साचणाऱ्या हिमाचे फोटो ते काढायचेच, शिवाय 1898 पासून त्यांनी पावसाचे थेंबही मोजायला घेतले.

त्यासाठी त्यांनी चाळलेलं पीठ पसरट भांड्यात भरलं आणि ते काही क्षण पावसात धरलं. प्रत्येक थेंबाची पिठात एक छोटी गोळी व्हायची. ती वाळली की तिच्या आकारावरून थेंब केवढा होता याचा अंदाज यायचा. अशी 344 मोजमापं त्यांनी घेतली आणि 1904 मध्ये हा अभ्यास प्रसिद्ध केला. पावसाचे बरेचसे मोठे थेंब वर ढगात बर्फाच्या रूपात तयार होऊन खाली येताना वितळत असावेत, असा त्यांचा निष्कर्ष होता. म्हणजे पावसातही त्यांना शेवटी हिवाळाच सापडला!

गावाने वेडा ठरवलं, शास्त्रज्ञाने आरोप केला

गावातल्या अनेकांना हा माणूस विक्षिप्तच वाटायचा. लग्न नाही, संसार नाही आणि बर्फ पडला की हा काळी फळी घेऊन दारात उभा. यातून पैसाही फारसा मिळत नव्हता. फोटोंच्या स्लाईड ते अवघ्या पाच सेंटला विकायचे. मिळकतीपेक्षा खर्च कितीतरी जास्त होता.

1898 मध्ये व्हरमाँट विद्यापीठातले प्राध्यापक जॉर्ज पर्किन्स यांच्या मदतीने त्यांचा पहिला लेख प्रसिद्ध झाला. कोणतेही दोन हिमस्फटिक सारखे नसतात, ही आज सर्वांना ठाऊक असलेली गोष्ट लोकांपर्यंत पोहोचली ती मुख्यतः बेंटली यांच्यामुळेच.

पण प्रसिद्धीबरोबर टीकाही आली. गुस्ताव हेलमन हे जर्मनीतले नावाजलेले हवामानशास्त्रज्ञ. त्यांनी फोटोंमध्ये फेरफार केल्याचा आरोप बेंटली यांच्यावर केला.

मूळ फोटोंत मागची बाजू उजळ यायची आणि त्यावर कण नीट उठून दिसत नसे. म्हणून बेंटली निगेटिव्हवर कणाच्या भोवतीचा थर चाकूने तासन्‌तास खरवडून काढत. त्यामुळे छापलेल्या फोटोत मागची बाजू काळी यायची. आपण फक्त मागची बाजू काढतो, कणाला हात लावत नाही, असं त्यांचं म्हणणं होतं.

या टीकेत तथ्य अजिबातच नव्हतं असंही नाही. निसर्गात पडणारे बहुतेक कण वेडेवाकडे किंवा तुटके असतात. बेंटली त्यांतले सुंदर तेवढेच निवडायचे. त्यामुळे प्रत्येक कण इतकाच रेखीव असतो असा समज लोकांमध्ये पसरला. आज सोशल मीडियावर आपण सगळेच आपले निवडक फोटो टाकतो, तेव्हा ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे!

आवडत्या ऋतूतच अखेर

नोव्हेंबर 1931 मध्ये बेंटली यांच्या आयुष्यभराच्या कामाचं पुस्तक प्रसिद्ध झालं. त्यात 2400 हून जास्त फोटो होते आणि मजकूर लिहिला होता अमेरिकी हवामान खात्यातले भौतिकशास्त्रज्ञ विल्यम हम्फ्रीज यांनी.

त्यानंतर काही आठवड्यांतच बेंटली हिमवादळात कित्येक मैल चालत घरी आले. त्यांना न्यूमोनिया झाला आणि 23 डिसेंबर 1931 रोजी त्यांचं निधन झालं. ज्या घरात ते लहानाचे मोठे झाले, त्याच घरात त्यांनी शेवटचा श्वास घेतला. तेव्हा ते 66 वर्षांचे होते.

पण त्यांचं काम तिथे थांबलं नाही. त्यांचे फोटो जपानमधल्या उकिचिरो नाकाया या शास्त्रज्ञाने पाहिले आणि त्यांना या विषयाची गोडी लागली. 1936 मध्ये नाकाया यांनी प्रयोगशाळेत कृत्रिम हिमस्फटिक तयार करून दाखवला. ढगातलं तापमान आणि तिथली वाफ यांवर स्फटिकाचा आकार ठरतो, हे त्यांच्या प्रयोगांतून पुढे आलं.

विशेष म्हणजे बेंटली यांनी आपला आवडता ऋतू शोधायला दूरचा प्रवास केला नाही. त्यांच्या गावात तो दरवर्षी येतच होता आणि सगळे त्याला वैतागलेले होते. बेंटली मात्र फळी घेऊन त्याच्या स्वागताला दारात उभे राहिले, एवढाच काय तो फरक!