मृत्युपत्र आणि वसुली

लंडनमध्ये वेस्टमिन्स्टर पुलाजवळ रथावर उभ्या असलेल्या एका राणीचा पुतळा आहे. रथात तिच्या दोन मुलीही आहेत. ही बूडिका. तिने रोमन साम्राज्याला हादरा दिला. पण तिची कथा सुरू होते ती एका मृत्युपत्रापासून.

इ. स. 43 मध्ये सम्राट क्लॉडियसच्या फौजा ब्रिटनमध्ये उतरल्या. आजच्या नॉर्फोक भागातल्या आइसेनी जमातीचा राजा प्रासुटागस, म्हणजे बूडिकाचा पती, रोमचा मांडलिक झाला. मृत्युपत्रात त्याने आपल्या दोन मुलींच्या जोडीने सम्राट नीरोलाही वारस केले. एवढ्याने तरी राज्य आणि घर वाचेल, असा त्या बापाचा हिशेब. रोमन अधिकाऱ्यांनी सगळेच लुटले. राणीला फटके मारले, मुलींची अब्रू घेतली. त्यातच तत्त्वज्ञ सेनेकाने ब्रिटनमध्ये दिलेले 4 कोटी सेस्टर्सचे कर्ज एकरकमी परत मागितले, असे डिओ हा इतिहासकार सांगतो. माझे आयुष्य बँकेत गेले. सवड न देता केलेली वसुली माणसाला कुठवर नेते, हे मी जाणतो.

इ. स. 60-61 मध्ये सुभेदार पॉलिनस दूर पश्चिमेला मोना बेटावर लढत होता. ती संधी साधून बूडिका उठली. आजची कोलचेस्टर, लंडन आणि सेंट ऑल्बन्स ही तिन्ही गावे तिने जाळली. टॅसिटसच्या मते 70 हजार माणसे मेली; त्यांत बायका-मुलेही होती. अन्यायाने पेटलेली राणी स्वतःही निर्दय झाली, हे लपवण्यात अर्थ नाही. कोलचेस्टर आणि लंडनच्या जमिनीखाली त्या राखेचा थर आजही सापडतो.

शेवटची लढाई पॉलिनसने अरुंद जागा निवडून सुमारे 10 हजार शिस्तबद्ध सैनिकांनिशी दिली. विजय पाहण्यासाठी ब्रिटनांनी बायकांना गाड्यांतून आणून मागे बसवले होते. त्याच गाड्यांनी पळण्याची वाट अडली आणि कत्तल उडाली. बूडिकाने विष घेतले, असे टॅसिटस म्हणतो.

पॉलिनसने सूड सुरूच ठेवला. तेव्हा नव्याने आलेल्या महसूल अधिकाऱ्याने, क्लासिसिॲनसने, त्याला विरोध केला. पुढे पॉलिनसला बदलण्यात आले. रयत उरली तरच वसूल उरतो, एवढे तरी रोमला उमगले असावे.

आणि त्या दोन मुली? मृत्युपत्रात वारस असलेल्या त्या लेकींची नावेसुद्धा इतिहासाने टिपून ठेवलेली नाहीत.